रूपपालट : बदललेली प्रणाली आणि पडद्यावरचा ‘ल’

राज्य बदलते तेव्हा सर्वप्रथम काय बदलते? पाठ्यपुस्तकांचे उत्तर ठरलेले आहे : राजा बदलतो, कायदा बदलतो, करव्यवस्था बदलते. पण ज्यांच्यावर राज्य केले जाते त्या सामान्य माणसाच्या नजरेला हे सारे फार उशिरा दिसते. त्याला आधी दिसतात त्या कचेरीवरच्या पाट्या, हातातले नाणे, दिनदर्शिकेवरचा महिना आणि अर्जावरची लिपी. सत्तेचे अंतरंग आणि तिचा दर्शनी भाग यांतील हे अंतर आम्हां मराठवाड्यातील माणसांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. संगणकाची प्रणाली बदलल्यावर त्याच्या पडद्याचे रूप आपल्या मनाजोगे करून घेण्याची जी धडपड जगभरचे लोक करतात, तिच्याकडे याच अनुभवाच्या उजेडात पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. भिंतीला कोणता रंग द्यावा यावर साहित्याच्या प्राध्यापकांनी लेख लिहावा काय, असेही कुणी विचारील. पण भिंतीचा रंग कोणी ठरवायचा, हा प्रश्न मात्र क्षुल्लक नाही.

या प्रश्नाला ताजे निमित्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला. तिच्यापुढची आवृत्ती जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. तिला विशिष्ट सुरक्षा-चकती आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयांत दहा-बारा वर्षे वापरलेली यंत्रे काही दुर्मीळ नाहीत. ती भंगारात काढायची, की त्यांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घालून त्यांचे आयुष्य वाढवायचे, हा पर्याय आज अनेकांपुढे उभा आहे. ज्यांनी दुसरा मार्ग धरला त्यांचा पहिला दिवस कसा जातो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. प्रणाली आत कशी चालते याची चौकशी कोणी करीत नाही. मेनू कुठे गेला, खालची पट्टी वर का आली, अक्षरे अशी का दिसतात, हे पहिले प्रश्न असतात. आणि पट्टी खाली आणून, चित्र बदलून, अक्षरांचा टंक बदलूनच माणूस कामाला बसतो.

ही ‘मेजा’ची कल्पना मुळात आपली नव्हे. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात १९७३ साली ‘ऑल्टो’ हा संगणक तयार झाला आणि १९८१ साली त्याच कंपनीचा ‘स्टार’ बाजारात आला. पडद्यावर कागद, फोल्डर, कपाट यांची छोटी चित्रे मांडून अमेरिकन कचेरीतले टेबलच त्यांनी काचेवर उतरविले. १९८४ च्या मॅकिंटॉशने ही कल्पना लोकप्रिय केली आणि विंडोजने ती घरोघर नेली. आमच्याकडचे कागद कसे राहात असत? पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधलेले, म्हणून त्यांची मोजदादही रुमालांत होते. लातूरच्या आडत बाजारात मुनीम गादीवर मांडी घालून बसे आणि पुढ्यात उतरत्या झाकणाचे बुटके डेस्क असे. ही प्रणाली पुण्यात किंवा लातुरात जन्मली असती, तर पडद्यावर पिवळ्या फोल्डराऐवजी लाल कापडाचा रुमाल दिसला असता. म्हणजे संगणकाचा दर्शनी भाग निःपक्षपाती कधीच नव्हता. तो कोणाच्या तरी कचेरीची नक्कल होता, आणि ती कचेरी दूरची होती.

परक्या घरात राहायला गेलेला माणूस निदान पडदे तरी आपल्या आवडीचे लावतो. ही सोय प्रणाली बनविणाऱ्यांनी फार लवकर ओळखली. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रंगयोजनांची यादीच दिलेली होती. तीत लाल-पिवळ्या भडक रंगांची ‘हॉट डॉग स्टँड’ नावाची एक योजना होती आणि तिची कुरूपता पुढे विनोदाचा विषय झाली. विंडोज ९५ बरोबर ‘प्लस’ नावाचा जोडसंच वेगळ्या किमतीला मिळे. त्यात पडद्याचे रंग, चित्रे, आवाज, बाणाची आकृती असे सारे एकत्र बदलणारे ‘थीम’ होते. २००१ साली विंडोज एक्सपी आली ती निळी पट्टी, हिरवे बटण आणि हिरव्या टेकडीवरचे निळे आभाळ घेऊन. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियात टिपलेली ती टेकडी मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांनी समुद्र पाहण्याआधी पाहिली.

याला कारणही तसेच घडले. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ साली झाली आणि पाठोपाठ एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. शासकीय नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यामुळे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, लिपिक अशी सारी मंडळी तालुक्याच्या ठिकाणच्या केंद्रांत माउस हातात धरायला शिकली. वॉलपेपर बदलणे हा त्यांतल्या पहिल्या धड्यांपैकी एक असे. ज्याला फाइल कुठे साठते याचा पत्ता नसे, त्यालाही पडद्यावर तुळजाभवानी किंवा बाबासाहेब किंवा स्वतःचे मूल आणून बसवता येई. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही यंत्रावरची पहिली मालकी होती. वहीवर नाव घालण्यासारखीच ही गोष्ट. नाव घातल्याशिवाय वही आपली होत नाही.

ही मालकी किती कच्ची होती, हे पुढच्या दोन घटनांवरून कळते. २००८ साली विंडोज एक्सपीच्या अनधिकृत प्रतींवर पडद्याची पार्श्वभूमी काळी करण्याची योजना अमलात आली. वापरणाऱ्याने आपले चित्र पुन्हा लावले तरी तासाभराने पडदा पुन्हा काळा होई. काम अडत नसे, फाइल जात नसे. फक्त चित्र जाई. चीनमध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला. दुसरी घटना २००९ ची. विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ नावाची सर्वांत स्वस्त आवृत्ती छोट्या व कमी किमतीच्या लॅपटॉपवर येत असे. तिच्यात वॉलपेपर बदलण्याची सोयच काढून टाकलेली होती. अधिक पैसे मोजून वरची आवृत्ती घेतली की ती सोय मिळे. आजही परवाना सक्रिय न केलेल्या विंडोजमध्ये पडद्याचे रूप बदलण्याची कळ निकामी असते. अनधिकृत प्रतींचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. पण शिक्षा द्यायची किंवा गरिबाला त्याची पायरी दाखवायची, तर नेमके काय काढून घ्यावे, याचे उत्तर या कंपन्यांनी अचूक शोधले होते. ते होते दर्शनी भाग आपला करण्याचे स्वातंत्र्य. जी गोष्ट क्षुल्लक असते ती कोणी विकत नाही.

येथे आम्हांला आमच्याच भूमीचा इतिहास आठवतो. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. नांदेडच्या शेतकऱ्याची बोली मराठी, त्याच्या सावकाराची वही मोडीत, आणि त्याच्या जमिनीचा शासकीय कागद उर्दूत, असा तिहेरी संसार होता. नाणे हाली, इंग्रजी मुलखातला रुपया ‘कलदार’ म्हणून वेगळा. वर्ष फसली, आणि त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे इराणी नावांचे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. अवघ्या बारा वर्षांत या प्रदेशाची प्रणाली तीनदा बदलली. पाट्या बदलल्या, हाली नाणे चलनातून गेले, फसली महिने कचेरीच्या भिंतीवरून उतरले, देवनागरीतली मराठी अर्जावर आली. हा रूपपालट लोकांनी मनापासून केला आणि तो करण्यात त्यांना मुक्तीचा आनंद होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

पण दर्शनी भाग बदलला तरी आतले कागद तेच राहिले. ‘खासरा पत्रक’, ‘सेतवार’, ‘मुंतखब’ हे शब्द मराठवाड्यातल्या वकिलाच्या आणि तलाठ्याच्या तोंडी अजूनही आहेत. जुन्या कागदावर फसली सन दिसला की त्यात साधारण ५९० मिळवूनच इसवी सन काढावा लागतो. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तर धुंडाळण्याचे काम हाती घेतले, तेव्हा आधी उर्दू आणि मोडी वाचू शकणारी माणसे शोधावी लागली. कागद होते, त्यांवर नावे होती, ज्यांच्यासाठी ती नावे महत्त्वाची होती ती माणसेही होती; पण तीन पिढ्यांच्या अवधीत वाचणारा डोळाच नाहीसा झाला होता. प्रणाली बदलण्याची खरी किंमत ती बदलणाऱ्या पिढीला भरावी लागत नाही. ती नातवंडांकडून वसूल होते.

संगणकावरच्या मराठीचा इतिहास याहून फारसा वेगळा नाही. १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक आणि इस्की ही संकेतप्रणाली तयार झाली. इस्कीला १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या रूपावर बेतलेली होती. पण छापखान्यांनी आणि डीटीपी केंद्रांनी या मानकांची वाट पाहिली नाही. श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांनी रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीची वळणे बसविली. पडद्यावर ‘क’ दिसे. संगणकाच्या पोटात मात्र तिथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असे. म्हणजे देवनागरी हा निव्वळ दर्शनी भाग होता. ज्या यंत्रावर तो टंक असेल तिथे लेख वाचता येई; टंक नसेल तिथे त्याच लेखाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन खच पडे.

नव्वदच्या दशकापासून पुढची जवळजवळ वीस वर्षे मराठवाड्यात लिहिले गेलेले प्रबंध, गौरवग्रंथ, विभागांच्या नियतकालिकांचे अंक, संमेलनांच्या स्मरणिका यांचा मोठा भाग याच रीतीने टंकलिखित झाला आहे. प्रणाली बदलली, जुना संच नव्या यंत्रावर चालेनासा झाला, की या फाइली उर्दू कागदांच्या पंक्तीला जाऊन बसतात. फरक इतकाच की उर्दू शिकलेला माणूस आजही मिळतो. एखाद्या विस्मृत टंकाचा संकेत जाणणारा मिळेलच असे नाही.

युनिकोडने हा गोंधळ मुळातून दूर केला. त्याची रीत साधी आहे : प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाचे रूप काढणे हे टंकाचे काम. अंतरंग आणि दर्शनी भाग यांची अशी फारकत झाल्यामुळे मजकूर सुरक्षित राहून रूप कितीही वेळा बदलता येते. विंडोज २००० पासून ही सोय देवनागरीला मिळाली, आणि तिथे पडद्यावर जे अक्षर उमटे ते ‘मंगल’ या टंकाचे. हा टंक घडविणारे र. कृ. जोशी हे मराठी कवी होते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनाही अनेकदा ठाऊक नसते. जाहिरातक्षेत्र, मुंबईच्या आयआयटीतील अध्यापन, सुलेखन, दृश्यकविता आणि अखेरीस संगणकावरच्या लिप्या असा त्यांचा प्रवास झाला. मुक्त प्रणालींसाठी ‘रघू’ हा टंकही त्यांनी दिला. २००८ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. आपल्या कवितेहून कितीतरी अधिक वाचक एका कवीने आपल्या अक्षराच्या वळणाला मिळवून दिले, असे उदाहरण विरळाच असेल.

तरीही मराठी वाचकाच्या मनात एक खुपरी राहिली. संगणकावरच्या मूलभूत टंकांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे प्रायः हिंदी वळणाची असत. मराठी ‘ल’ला दोन पाकळ्या असतात आणि मराठी ‘श’ला देठ; बालभारतीच्या पहिल्या पुस्तकापासून आपला हात त्यांवरच वळलेला असतो. युनिकोडच्या लेखी मात्र दोन्ही ‘ल’ एकच. क्रमांक एक, वळणे दोन. वर्गात मुलांनी जे गिरवायचे ते आणि पडद्यावर जे दिसायचे ते यांत अशी तफावत पडली. ‘ॲ’ची गोष्ट याहून बोलकी आहे. ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले हे मराठी अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर ‘ए’वर चंद्र देऊन भागवावे लागे, आणि त्यानंतरही जुन्या प्रणालीवर त्या जागी रिकामा चौकोन दिसे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला आडवा ‘र’ आणि ‘आचार्य’ या शब्दातला रफार यांतला भेद नीट उमटायलाही वापरणाऱ्यांना बराच खटाटोप करावा लागला. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि वर्णलिपी निश्चित केली, तिला ही पार्श्वभूमी होती.

मुक्त प्रणालीकडे वळल्यावर हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटू लागतो. तिच्या घडणीतच एक तत्त्व आहे. एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या ‘एक्स’ या चित्रप्रणालीने असे ठरविले की आपण केवळ यंत्रणा पुरवावी, धोरण लादू नये. खिडकीची चौकट कशी असावी हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यातूनच १९९६ साली केडीई आणि १९९७ साली नोम ही डेस्कटॉपची दोन मोठी घराणी उभी राहिली. २०११ साली नोमने आपले रूप आमूलाग्र बदलले तेव्हा वापरणाऱ्यांनी नुसती कुरकुर केली नाही. मूळ संहिता खुली असल्यामुळे जुने रूप जपणारा ‘माते’ आणि ओळखीची खालची पट्टी राखणारा ‘सिनॅमन’ हे दोन वेगळे डेस्कटॉप त्यांनी उभे केले. पुढच्याच वर्षी विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढून टाकले, तेव्हा त्या प्रजेला मात्र २०१३ च्या सुधारित आवृत्तीची वाट पाहत बसावे लागले. नाराजी दोन्हीकडे सारखीच होती; तिचे पुढे काय करता येईल, हे मात्र दोन्हीकडे सारखे नव्हते.

अक्षरांच्या बाबतीतही तेच. रेड हॅट कंपनीने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून करवून घेतलेले ‘लोहित’ टंक २००४ साली मुक्त परवान्याखाली आले. आधुनिक टंकात भाषेनुसार वळण बदलण्याची सोय असते : मजकूर मराठी आहे असे प्रणालीला कळले की ‘ल’ पाकळ्यांचा उमटतो, हिंदी आहे असे कळले की दुसऱ्या वळणाचा. म्हणून प्रणाली घालताना भाषेच्या यादीत ‘हिंदी’ निवडून पुढे जाणे आणि ‘मराठी’ निवडणे यांत, टंकात ही सोय असेल तर, डोळ्यांना दिसेल असा फरक पडतो. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणु किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्त टंक ‘मुक्त’ असे पर्यायही आता हाताशी आहेत. टंकाची फाइल घरच्या फोल्डरात ठेवायची आणि मांडणीच्या यादीत तिला पहिला क्रमांक द्यायचा, एवढेच काम. त्याला ना परवाना लागतो ना पैसा.

मेनूतल्या शब्दांचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. स्वयंसेवकांनी आणि संस्थांनी या डेस्कटॉपचे मराठी भाषांतर चिकाटीने केले आहे, त्याबद्दल कृतज्ञता बाळगूनही म्हणावे लागते की पुष्कळ ठिकाणी शब्द कोशातले आहेत, वापरातले नाहीत. ‘फाइल’, ‘प्रिंट’, ‘कॉपी’ हे शब्द उदगीरच्या झेरॉक्सच्या दुकानात रुळून जुने झाले आहेत. ‘दप्तर’, ‘अर्ज’, ‘कागद’, ‘हजेरी’ हे फारसी-अरबी शब्द आपण जसे पचवले, तसेच हेही पचले आहेत. भाषांतराच्या हट्टाने ते बाहेर काढले की मुले मेनू पुन्हा इंग्रजी करून घेतात. मराठवाडी मराठीने शतकानुशतके शब्द उसने घेतले आणि त्यांना आपली विभक्ती लावली. पडद्यावरच्या मराठीनेही हा वारसा चालवावा, असे आम्हांला वाटते.

या साऱ्यातून निघणारे निष्कर्ष दोन, आणि ते एकमेकांना तोलून धरणारे आहेत. पहिला असा की, पडद्याचे रूप बदलणे हा रिकामटेकडेपणा नव्हे. यंत्राबरोबर जे रूप आयते येते ते कोणीतरी, कुठेतरी, आपल्याला न विचारता ठरवलेले असते. त्यातला ‘ल’ आपला नसेल तर तो आपला करून घेणे हे भाषेच्या माणसाचे कामच आहे, आणि ते करता येण्याचे स्वातंत्र्य ज्या प्रणालीत आहे ती निवडण्याला अर्थ आहे. दुसरा असा की, दर्शनी भागाच्या आनंदात आतल्या कागदांचा विसर पडता कामा नये. १९४८ नंतर आपण पाट्या बदलल्या ते योग्यच झाले. त्याच वेळी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची एक पिढी जाणीवपूर्वक तयार केली असती, तर पुढे दप्तरांपुढे हतबल होऊन उभे राहावे लागले नसते.

तेव्हा जे कोणी आपल्या विभागातली जुनी यंत्रे नव्या प्रणालीवर नेत असतील त्यांना आमची विनंती एवढीच. वॉलपेपर अवश्य बदला. गोदावरीचा घाट लावा, कंधारचा किल्ला लावा. पट्टी हवी तिथे न्या, अक्षर पाकळीचे करून घ्या. पण जुनी यंत्रे पुसण्यापूर्वी त्यांतले जुन्या टंकांतले प्रबंध आणि अंक बाहेर काढा, कोणता लेख कोणत्या टंकात आहे याची नोंद करा, आणि जुना संच चालू आहे तोवरच परिवर्तक वापरून ते युनिकोडमध्ये आणा. परिवर्तकाकडून जोडाक्षरांच्या आणि रफाराच्या चुका होतात, म्हणून एम. ए.च्या विद्यार्थ्यांकडून ते मुळाबरहुकूम तपासून घ्या. संहिता-संपादनाचा याहून चांगला प्रात्यक्षिक अभ्यास त्यांना दुसरीकडे मिळणार नाही, आणि त्यांच्या नातवंडांना आपले लिखाण वाचण्यासाठी दुभाषा शोधावा लागणार नाही.